अंगठ्याशेजारचं बोट

माझा उजवा खुबा बदलल्यावर डॉक्टरांनी बजावलं की बसल्यावर पुढे वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. नाहीतर नवा सांधा निखळेल आणि पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागेल. माझं सगळं आयुष्य मांडी घालून बसण्यात गेलेलं. मी मान डोलावली.

घरी ह्यांनी बंदोबस्त हाती घेतला. हवाई दलातून निवृत्त होऊन आम्ही चंदीगडलाच राहिलो, पण ह्यांची हुकूम सोडायची सवय काही निवृत्त झाली नाही. बुटका सोफा हद्दपार झाला, कमोडवर उंच सीट आली, रात्री दोन्ही पायांच्या मध्ये उशी. व्यायाम शिकवायला येणारी पंजाबी मुलगी निघताना दारातून ओरडायची, "आंटीजी, झुकना नहीं, पक्का?"

"पक्का," मी म्हणायचे.

अडलं ते जोडव्यांवर. ऑपरेशनच्या आधी काढलेली जोडवी डबीत पडून होती. लग्नापासून ती कधी उतरली नव्हती. चैत्रातलं हळदीकुंकू आमच्याकडे ठरलेलं. मोहाली, झिरकपूरहून आपल्या बायका येणार. उघड्या बोटांनी त्यांच्यासमोर बसायची मला लाज वाटत होती. कुणी चकार शब्द काढला नसता, हे कळत होतं, तरी वाटत होती. आणि माझ्या पायाला हात लावा, असं कुणाला सांगणं मला आजवर जमलेलं नाही.

हळदीकुंकवाच्या सकाळी हे अंघोळीला गेलेले पाहून मी डबी काढली. खुर्चीत बसून उजवं पाऊल हळूच डाव्या गुडघ्याकडे ओढायला लागले. कमरेत काहीतरी ताणलं गेलं आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"अगं ए! पाय खाली! आधी पाय खाली!"

टॉवेल गुंडाळलेले, केसांतून पाणी निथळतंय, चेहरा पांढराफटक. मी पाय खाली ठेवला. काही निखळलं नव्हतं. माझ्या मुठीतली जोडवी त्यांनी काढून घेतली आणि वेताचा बुटका मोढा ओढून त्यावर माझ्या पायाशी बसले.

"अहो, पायाला काय हात लावता! पाप लागेल मला."

"पापाचं मागाहून बघू. आधी सांधा."

मग जोडवं हातात धरून ते गोंधळले. "कोणत्या बोटात?"

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी माझी पावलं कधी पाहिलीच नव्हती! मला आधी राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही मिळून रडू आलं.

"अंगठ्याशेजारच्या," मी म्हटलं.

"दुखलं का?" रडताना पाहून त्यांनी विचारलं. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना फार कमी वेळा ऐकलं आहे.

त्यानंतर नखं कापणं, मोजे चढवणं, सगळं आपसूकच त्यांच्याकडे गेलं. नखं ते फार काळजीपूर्वक कापतात, चष्मा लावून.

परवा डॉक्टरांनी तपासलं. सांधा छान बसलाय, आता हळूहळू वाकायला हरकत नाही, म्हणाले. हे तेव्हा गाडी लावायला जागा शोधत होते.

"काय म्हणाले?" घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

"छान बसलाय म्हणाले."

"आणि वाकायचं?"

"अजून जपायचं," मी म्हटलं आणि मोजा काढायला पाय पुढे केला.