दगूतात्यांचं विमान

दगूतात्यांनी मला फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण ते गेल्यापासून जो तो त्यांना देवमाणूस म्हणतो आहे, आणि मी पडलो अंबडचा भंगारवाला. माझं कोण ऐकणार?

तात्या एसटीतले निवृत्त कंडक्टर. सिन्नरकडच्या गावांतून जन्मभर तिकिटं फाडली. कोणाच्याही घरी गेले की ओसरीवर न टेकता आधी गोठ्यात शिरायचे आणि गव्हाणीवरून हात फिरवायचे. माझ्या दुकानातही तसेच शिरले. एक चेपलेलं पातळ घमेलं उचललं आणि त्यावरच्या रिबिटांच्या ओळीवर पोथी वाचावी तसं बोट फिरवू लागले. गिऱ्हाईक अडकलं हे ओळखून मी भाव दुप्पट सांगितला.

"घमेलं नको शेठ, कुठून आलं तो पत्ता पाहिजे."

पत्ता मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटत होतं. त्याचा भाव काय लावायचा ते सुचेना, म्हणून चहा सांगितला. तिथेच चुकलो.

तात्यांच्या आईने लहानपणी, महायुद्धाच्या दिवसांत, एक विमान पडताना पाहिलं होतं. बाजरीच्या रानावरून धूर सोडत ते डोंगराआड गेलं आणि पुन्हा वर आलं नाही. तिने ज्याला ज्याला सांगितलं तो हसला. "म्हातारी मरेपर्यंत खोटारडी ठरली," तात्या म्हणाले. "तेवढं एक निस्तरायचंय."

त्यांचं म्हणणं असं, की पडलेलं विमान एका जागी कधीच सापडत नाही. "ते गावात वाटलं जातं शेठ, लग्नातल्या बुंदीसारखं. कोणाच्या ताटात किती आलं, एवढंच बघायचं."

आमचा सौदा तोंडी ठरला. गाडी माझी, शोध त्यांचा. विमान सापडलं तर आईचा शब्द त्यांचा, धातू माझा.

घमेल्याचा माग काढत आम्ही डोंगरापलीकडच्या एका गावी पोचलो. तिथे एका म्हातारीच्या खुराड्यावर तसाच रिबिटांचा अॅल्युमिनियमचा पत्रा होता.

"मावशी, गंजलाय हो हा," मी सुरुवात केली.

"जर्मनचा पत्रा गंजत नाय, भाऊ. मला येडी समजला का?"

माझा आवाज चढला, तिचा त्याहून चढला, कोंबड्या उधळल्या. शेवटी नवा पत्रा देऊन जुना घ्यायचं ठरलं, तर वर कोंबडा माझ्याच गळ्यात मारला. परतताना तात्या म्हणाले, "शेठ, तुम्ही भाव करता तेव्हा माणसं वस्तू लपवतात. गप्प बसा, आपोआप दाखवतील."

त्या गावाच्या वेशीवर लिंबाखाली उभादेव आहे. पुरुषभर उंच, अंगावर शेंदराचे थरावर थर. "आधी नारळ, मग शोध," हा तात्यांचा नियम. मी नवससुद्धा बोललो, की विमान सापडू दे, चांदीचे डोळे बसवीन. तात्या म्हणाले, देवाला आगाऊ दिलेलं बरं. मी मधला मार्ग काढला. एक डोळा आता, दुसरा विमान सापडल्यावर. गुरवाने कपाळाला हात लावला, पण डोळा बसवला.

मग एक दिवस तात्या अचानक म्हणाले, "शेवटचा स्टॉप आला शेठ. विमान नाही. उतरा."

सिन्नरपासून अंबडपर्यंत मी त्यांच्याशी भांडलो. ते खिडकीबाहेर बघून हसत होते. जन्मभराचा शोध फसलेला माणूस असा हसतो का? पण माझं डोकं गरम होतं, लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते त्यांच्या दहाव्याला. घाटावर गुरव आणि ती खुराडेवाली मावशी, दोघंही आली होती. डोळे पुसत गुरव म्हणाला, "तात्यांना देव पावला. आईचं इमान दावलं."

"कुठंय विमान?" मी ओरडलो. पिंडाजवळचे कावळेसुद्धा उडाले.

गुरवाने जीभ चावली. मावशी म्हणाली, "आवो शेठ, तुमीच तर त्याला डोळा लावलाय."

मग सगळं बाहेर आलं. वैमानिक त्या रानातच दगावला. कोणाचं लेकरू कोण जाणे, म्हणून जुन्या लोकांनी विमानाच्या पंख्याचं पातं त्याच्या नावाने वीर म्हणून उभं केलं. पुढे वीराचा देव झाला आणि पातं शेंदरात बुडालं. एकदा पाठीकडचं शेंदराचं कवच गळून पडलं, तेव्हा तात्या तिथेच होते. त्यांनी आईच्या नावाने दंडवत घातलं आणि गावाला शपथ घातली, "शेठला सांगू नका, नाहीतर देव काट्यावर जाईल."

मी जगातली प्रत्येक वस्तू ठोकून घेतो. देव तेवढा ठोकला नव्हता. तसाच गाडी काढून गेलो आणि नखाने ठोकला. अस्सल माल. उभादेव एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता.

दुसरा डोळा बसवून आलो. सोनाराशी घासाघीससुद्धा केली नाही.

आता मला एकच उत्तर पाहिजे. मी तो देव कापला असता, हे तात्यांना सांगितलं कोणी? ज्याने सांगितलं, त्याने दुकानावर यावं आणि माझ्या तोंडावर सांगावं.