कृपया संगणक बंद करू नका

लॅपटॉपच्या पडद्यावर तोंड पाडून बसलेला तो चेहरा पहिल्यांदा दिसला तेव्हा मला हसू आलं होतं. निळी पाटी, दोन ठिपके, एक कंस आणि खाली 'आपल्या संगणकात काहीतरी बिघाड झाला आहे' असं मोघम वाक्य. अहो, काय बिघडलं ते तरी सांगा. चौथ्यांदा तोच चेहरा दिसला तेव्हा मात्र लॅपटॉप गच्चीवरून खाली टाकावा असं मनापासून वाटलं.

टाकता येत नव्हता, कारण त्यात माझा प्रबंध होता. वऱ्हाडी बोलीतल्या शेतीच्या शब्दांवर मी सात वर्षं काम करत होते. चिखलीच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते, आणि पीएचडी नसेल तर कायम नोकरीच्या मुलाखतीला कोणी उभंसुद्धा करत नाही. विद्यापीठानं दोनदा मुदत वाढवून दिली होती. या महिनाअखेरपर्यंत प्रबंध जमा झाला नाही तर नोंदणी रद्द, असं पत्र येऊन पडलं होतं.

लॅपटॉप जुना. बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलेली, त्यामुळे तो सदा खुंट्याला बांधलेल्या गाईसारखा भिंतीतल्या बोर्डाला बांधलेला. सकाळी दहाला मी कॉलेजात निघायचे तेव्हा हमखास त्याचं अपडेट सुरू असायचं. 'कृपया संगणक बंद करू नका' अशी सूचना यायची आणि खाली टक्के रेंगाळत सरकायचे. मी शहाण्यासारखी त्याला तसाच चालू ठेवून जायचे. साडेचारला परत यावं तर पडदा काळा. बटण दाबलं की निळी पाटी, मग 'दुरुस्तीची तयारी सुरू आहे', मग परत निळी पाटी. ये रे माझ्या मागल्या.

बसस्टँडजवळच्या दुकानातला दुरुस्तीवाला दरवेळी एकच निदान करायचा.

"सिस्टीम करप्ट होऊन राह्यली, मॅडम. फॉरमॅट मारा लागते."

पहिल्या फॉरमॅटमध्ये डेस्कटॉपवर ठेवलेलं माझं आख्खं चौथं प्रकरण गेलं. पेनड्राईव्ह मी त्यानंतर घेतला, म्हणजे बैल गेला नि झोपा केला. शिवाय फॉरमॅट मारला की मराठी फॉन्ट गायब. तिफण, वखर, डवरा, सगळ्या शब्दांच्या जागी रिकाम्या चौकटी. ते निस्तरण्यात दोन दिवस जायचे.

तिसऱ्या खेपेला मी दुकानात भांडले. नकली सिस्टीम टाकता, वर पैसे घेता, असं चार माणसांदेखत बोलले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, माह्याजोळ तीन दिवस चालू होता, एकदाबी बंद नाई पडला. तुमच्या घरीच काऊन पडते?" मला तो उद्धटपणा वाटला.

तरी घरी येऊन मी बाबांना विचारलं. माझे बाबा लाईनमन होते. त्यांची सगळी नोकरी जानेफळच्या आसपासच्या खांबांवर गेली. आई वारल्यावर मी त्यांना इकडे घेऊन आले, तेव्हापासून दिवसभर ते एकटेच घरी असतात. सप्लाय बरोबर आहे का म्हणून विचारल्यावर त्यांनी खिशातला टेस्टर काढला (तो निवृत्तीनंतरही खिशात असतोच), बोर्ड तपासला आणि सांगितलं, "सप्लाय एकदम बरोबर आहे." मग मी परत दुरुस्तीवाल्याला शिव्या घातल्या.

एक दिवस कॉलेजात शोकसभा झाली आणि दुपारी एकलाच सुट्टी मिळाली. घरी आले तर बाबा ओसरीवर पेपर वाचत बसलेले. आत लॅपटॉप काळा. बोर्डावरची सगळी बटणं बंद.

"बाबा, ही बटणं कोणी बंद केली?"

"म्या. रोजच करतो. तू गेली का बंद, चार वाजता चालू."

आंघोळ केली म्हणून सांगावं, तसं सांगितलं त्यांनी.

"मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलं कुठी? तू इचारलं सप्लाय बरोबर आहे का. तो बरोबरच आहे."

"पण कशासाठी?"

"यंत्राजोळ माणूस नसलं त लाईन चालू ठेवत नाई, माय. तुले त मालूम आहे, तो माह्या जोडीदार..."

मला माहीत होतं. त्यांचा जोडीदार लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढला होता. लाईन चालू होती. मी हे लहानपणापासून ऐकत आले होते, आणि त्या दिवशी मी त्यांना ते पुरतं सांगू दिलं नाही.

"तुम्ही माझी सात वर्षं बंद करून टाकली, बाबा," मी म्हणाले.

पेपरची घडी करून ते आत गेले. मला त्यांची दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला होता, त्यांचा आणि स्वतःचाही. काखेत कळसा नि मी बसस्टँडवर भांडत होते.

दुरुस्तीवाल्याची माफी मागून चौथा फॉरमॅट मारून आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डावर सुतळीनं बांधलेला एक पुठ्ठा लटकत होता. 'काम चालू आहे. लाईन बंद करू नये.' बाबांचं अक्षर. नोकरीभर त्यांनी याच्या उलट, 'लाईन चालू करू नये' अशी पाटी टांगली होती. नुसती पाटी टांगून ते थांबले नाहीत, खुर्ची घेऊन लॅपटॉपसमोर बसू लागले. माझा तास चालू असताना फोन यायचा, "छप्पनवर आहे. सव्वाबारापासून हाललंच नाई." तिसऱ्या फोननंतर मी मोबाईल बंद करून ठेवायला लागले.

पण लॅपटॉप नंतर एकदाही पडला नाही. चौथं प्रकरण परत लिहून झालं. अगदी शेवटच्या दिवशी मी अमरावतीला जाऊन प्रबंध जमा केला आणि तिथूनच बाबांना फोन लावला.

"जमा झाला. आता तो लॅपटॉप बंद करा."

"हं," ते म्हणाले.

रात्री आठला घरी पोचले तर लॅपटॉप चालू, पाटी जागेवर, बाबा खुर्चीत. जेवलेलेही नव्हते. प्रवासानं माझं डोकं उठलं होतं.

"फोनवर सांगितलं होतं ना, बंद करा म्हणून?"

"कामासाठी लाईन ज्यानं मांगून घेतली, त्यानंच सोता येऊन परत द्या लागते. फोनवर नाई."

"फोनवर काय होतं?"



"जोडीदाराले फोनवरच सांगतलं होतं, लाईन बंद आहे म्हून. म्या."

एवढ्या वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी मधेच तोडलं त्या दिवशी सांगणार होते की काय, कोण जाणे. मी चपला काढल्या, लॅपटॉप रीतसर बंद केला आणि मग बोर्डाचं बटण बंद केलं.

"बाबा, मी आले. लाईन बंद केली."

ते उठले. तरीही त्यांनी एकदा टेस्टर लावून बघितला आणि मग पाटी काढून घेतली.