यमुआत्याच्या लग्नाची रीळ

अशा गूढ अनुभवांचं लेखन मी नियमित वाचते, पण खरं सांगायचं तर चुका शोधायला वाचते. गोंदियात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते, त्यामुळे ती सवयच लागली आहे. कोणी लिहिलं की "भिंतीवर सावली हलली"... की मी मनात म्हणते, आधी दिवा कुठे होता ते सांगा! तर आज लिहायची वेळ माझ्यावर आली आहे. दिवा कुठे होता, कॅमेरा कुठे होता, सगळं सांगते. चूक सापडली तर जरूर कळवा.

आम्ही गोंदियाजवळच मुर्रीला राहतो. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच असतात. त्यांची एक चुलतबहीण आहे, यमुआत्या. सख्ख्या बहिणीसारखीच, कारण दोघं सालेकश्याजवळच्या गावात एकाच घरात वाढले. आत्याचं सासर तिरोड्याकडे. तिचे भासरे, म्हणजे मोठे दीर, तिच्या लग्नाच्या काळात इराणला नोकरीला होते आणि येताना तिकडून सुपर एट कॅमेरा आणि प्रोजेक्टर घेऊन आले होते. ते वारल्यावर नागपूरचं घर रिकामं करताना त्यांच्या मुलांनी प्रोजेक्टर आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आत्याकडे पोचता केला. डब्यात तळहाताएवढ्या सात-आठ रिळा. एकीवर पेनाने लिहिलेलं — यमुना विवाह.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आत्या प्रोजेक्टर पिशवीत आणि डबा मांडीवर घेऊन एसटीने आली.

"बाई, तू सायन्सवाली आहेस. मले माह्या लग्नाची रीळ पाहाची आहे."

बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "कायले पाहाचं आता ते? राहू दे न."

"तू नको पाहू," आत्या म्हणाली.

यांच्यात हे असं का, ते सांगायला हवं. आत्याला एक धाकटा सख्खा भाऊ होता, खेमराज. खेमू. राजनांदगावला कापडाच्या दुकानात कामाला होता. बहिणीच्या लग्नाला यायला म्हणून तो पॅसेंजरमध्ये बसला — दुकानातल्या दुसऱ्या माणसाने त्याला बसताना पाहिलं होतं — आणि सालेकसा स्टेशनवर उतरलाच नाही. लग्नाच्या दिवशी सगळ्यांना वाटलं, गाडी चुकली असेल. मग शोधाशोध झाली. स्टेशनं, दवाखाने, रुळाच्या कडेचं जंगल... काही म्हणजे काही मिळालं नाही.

लग्नात भावाने बहिणीच्या ओंजळीत लाह्या टाकायच्या असतात. खेमू नाही म्हणून बाबांनी टाकल्या. हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

फक्त आत्याला मान्य नाही. ती लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सांगत आली की खेमू आलता. माह्या ओंजळीत त्यानंच लाह्या टाकल्या. तिच्या म्हणण्याप्रमाणे तो जिवंत होता, लग्नात आला होता, आणि कशावरून तरी रागावून निघून गेला. कधीतरी येईल. सासरी सुरुवातीला यावरून फार झालं. झाडफूक झाली, नागपूरच्या डॉक्टरकडे नेलं, गोळ्या झाल्या. शेवटी तिने बोलणं सोडलं, पण मत सोडलं नाही. मी लहान असताना आम्हा पोरांना बजावलेलं असायचं, यमुआत्यासमोर खेमूकाकाचं नाव काढायचं नाही.

म्हणून ती रीळ तिला पाहायची होती. सगळं माझ्याकडे ठेवून ती गावी परत गेली.

प्रोजेक्टरची मोटर जळालेली होती आणि इतकी जुनी फिल्म सरळ चालवली तर तुटायची भीती. मी नेटवर लोकांनी घरी केलेली सेटअप पाहिली आणि तशीच एक जमवायला घेतली. भंगारातून कारच्या वायपरची मोटर आणली, ती हळू फिरते. जुना तापणारा बल्ब काढून तिथे एलईडी बसवला, पुढे दुधी ॲक्रिलिकचा तुकडा, म्हणजे उजेड सारखा पसरतो. प्रोजेक्टरच्या फिरत्या दांड्यावर चुंबक चिकटवलं, शेजारी चुंबकाने चालणारा एक छोटा स्विच. एक माऊस उघडून त्याच्या बटणाच्या तारा त्या स्विचला जोडल्या. दांडा एक फेरा फिरला की फिल्मचं एक चित्र पुढे सरकतं, स्विच लागतो, कॉम्प्युटरला वाटतं क्लिक झालं, आणि समोरचा कॅमेरा त्या एका चित्राचा एक फोटो काढतो. असे हजारो फोटो ओळीने जोडले की झाली डिजिटल फिल्म. बस. यात AI नाही, फोटो आपोआप सुधारणारं काही नाही. फिल्ममधून जो उजेड येईल तोच कॅमेऱ्यात.

हे सगळं लागायला दोन आठवडे गेले. आधी फिल्म थरथरायची, मग फोटो एकाआड एक काळे यायचे. बाबा दारात उभे राहून पाहायचे, मदतही करायचे — ॲक्रिलिक त्यांनीच घासून दिलं — पण लग्नाच्या रिळेचा विषय काढत नव्हते. मी पहिल्यांदा दुसऱ्या रिळा करून पाहिल्या. नागपूरची बाग, भासऱ्यांची लहान पोरं, एक स्कूटर. रंग सगळे तांबूस झालेले, पण चित्र स्वच्छ.

मग एका दुपारी, मागच्या खोलीचे पडदे ओढून, 'यमुना विवाह' लावली. टक्... टक्... टक्... मी बाजूला बसून पेपर तपासत होते. स्क्रीनवर पाहायचं तसं कारण नव्हतं. रीळ संपली, फोटो जोडायला लावले, चहा टाकला. बाबांना म्हटलं, "या, तुमचं तरुणपण पाहा."

आवाज नसलेली फिल्म. आंब्याच्या पानांचा मांडव, उन्हाचे कवडसे, बायका तोंडावर पदर धरून हसताहेत. आत्या, इतकी बारीक की ओळखू येईना. तिने ओंजळ पुढे केली. तिच्यामागे बाबा, ऐन पंचविशीतले, बाजूला कुठेतरी पाहत उभे. हात रिकामे.

आणि लाह्यांचं सूप दुसऱ्याच्याच हातात. पांढऱ्या शर्टाचा, बाह्या दुमडलेला, उंच किडकिडीत पोरगा. त्याने सूप तिरपं केलं, आत्याच्या ओंजळीत लाह्या पडल्या. तो हसला नाही, कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. फक्त ओंजळीकडे पाहत होता, सांडू नये म्हणून पाहतात तसा. जेमतेम तीन सेकंद. मग कॅमेरा नवरदेवाकडे वळला.

मला आधी कळलंच नाही मी काय पाहिलं ते. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"खेमू," ते म्हणाले. "बंद कर."

माझा पहिला विचार काय होता सांगू? की आत्या खरी होती आणि एवढ्या माणसांनी तिला वेडी ठरवलं. खेमूकाका आला होता, बस. पुरावा समोर होता. मी रीळ काढली, तेवढा भाग मोबाईलच्या पांढऱ्या स्क्रीनवर धरला आणि भिंग लावलं.

फिल्मवर बाबा होते. सूप बाबांच्या हातात. लाह्या बाबा टाकत होते. पांढऱ्या शर्टाचं कोणी नव्हतं.

मी एकेक चित्र पाहिलं. कुठे कापलेलं नाही, जोडलेलं नाही. रीळ पुन्हा लावून पुन्हा फोटो काढले — बाबा. तिसऱ्यांदा — बाबाच. पहिल्या वेळच्या फोटोंचे नंबर तपासले, सलग आहेत, तिन्ही वेळा संख्या तेवढीच. आणि एक गोष्ट मला अजून काही सुचू देत नाही... त्या जागी फिल्मवर एक बारीक उभा ओरखडा आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळच्या फोटोंत तो बाबांच्या खांद्यावरून जातो. पहिल्या वेळच्या फोटोंत तोच ओरखडा, त्याच जागी, पांढऱ्या शर्टावरून जातो. म्हणजे तो पोरगा ओरखड्याच्या खाली आहे. फिल्मवर आहे. आणि फिल्मवर नाही.

बाबांचं एकच म्हणणं, "यमीले सांगू नको. रीळ खराब निघाली म्हण." मला तेही पटत होतं. पण दुसऱ्या दिवशी आत्याचाच फोन आला, "झाली का व?" आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं.

ती आली ती नवं लुगडं नेसून. मागच्या खोलीत खुर्चीवर बसली. बाबा येणार नाहीत असं वाटलं होतं, पण तेही येऊन दाराशी उभे राहिले. मी पहिली फाईल लावली. ते तीन सेकंद आले आणि गेले.

"पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मग ती मागे न वळता बाबांना म्हणाली, "तुळशीभाऊ, पाहून राहिला न?"

"हो."

"हा कोण आहे, सांग."

"खेमू."

मग बाबा खाली जमिनीवरच बसले. मी त्यांना असं कधी बसताना पाहिलं नव्हतं.

"सूप माह्या हातात होतं, यमे. लाह्या टाकाले वाकलो... अन् हात हलके झाले. कोणी घेतल्यावानी. म्या बाजूले पाहलं, कोणी नाही. मंग पाहतो तं सूप माह्याच हातात, रिकामं. अन् तुही ओंजळ भरलेली."

"तू बोलला नाही."

"तुले सारे येडी म्हणून राहिले होते. म्या म्हटलं, मलेही म्हणतील."

"म्या डॉक्टरले तुहंच नाव सांगतलं होतं," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. "म्हटलं, तुळशीभाऊले विचारा, तो बाजूलेच उभा होता. विचारलं होतं न त्यायनं तुले?"

बाबांनी 'हो' अशी मान हलवली. ते रडत होते. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग पदराने आपलं तोंड पुसलं, आणि एकदम तिचा चेहराच बदलला. माझा हात धरून म्हणाली, "बाई, ह्याचा फोटो काढून दे. पेपरात देऊ. म्हणजे आलता न तो! मंग गेला कुठं? आता म्हातारा झाला असंल, कुठं तरी असंल तं खरा..."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिला खरं ठरवताना आपण काय करून बसलो. बाबा मला डोळ्यांनी नको-नको म्हणत होते. मी गप्प राहू शकले असते. पण मग तिने फोटो घेऊन गावोगाव फिरायचं, या वयात?

"आत्या, फिल्मवर तो नाहीये," मी म्हटलं.

तिला कळेना. मी मोबाईल पांढरा केला, फिल्म ठेवली, भिंग तिच्या हातात दिलं. तिने चष्मा काढून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. फिल्म बोटाने सरकवत सरकवत.

"इथं तं तुळशीभाऊ आहे."

"हो."

"साऱ्यात?"

"हो आत्या. साऱ्यात."

ती भिंग ठेवून सरळ बसली. मला वाटलं आता कोसळेल. पण ती एखादा हिशेब लागल्यासारखी शांत होती.

"म्हणजे तो गाडीतून उतरलाच नाही," ती म्हणाली. "उतरला असता तं ह्या रिळेत असता."

मी पाणी आणून दिलं, ते ती पूर्ण प्यायली. मग बाबांना म्हणाली, "तुळशीभाऊ, उठ आता. गुडघे धरतील तुहे. अन् यंदा पितरात खेमूचं पान वाढजो."

तुम्ही म्हणाल, बाईने फोटोशॉप केलं. मीही तेच म्हटलं असतं. माझ्या कॉलेजच्या एका सहकाऱ्याने तिन्ही फाईली, मूळ फोटो, फिल्म, सगळं तपासलं. तो आधी हसत होता, मग हसणं थांबलं, आणि शेवटी "मॅडम, हे तुमच्याकडेच ठेवा" म्हणून निघून गेला. जुन्या चित्राची सावली राहिली म्हणावं, तर ती बाबांच्या वरून दिसायला हवी होती, बाबांना बाजूला सरकवून नाही. दोन वेळा उजेड पडला म्हणावं, तर लाह्यांची धार एकच आहे. ती सेटअप मी मोडलेली नाही. त्यावर नंतर बऱ्याच ओळखीच्यांच्या रिळा केल्या, सगळ्या जशा होत्या तशा निघाल्या. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. वर्गात पोरांना मी म्हणते, 'माहीत नाही' हे पण उत्तर असतं... पण ते उत्तर घेऊन झोपणं काय असतं, हे आता कळलं.

सर्वपित्रीला आत्या आमच्याकडे आली. स्वयंपाक तिने एकटीने केला, कोणाला हात लावू दिला नाही. बाबांनी पान वाढलं, पाणी फिरवलं. आत्या पानासमोर बसली, भातावर वरण थोडं अजून वाढलं, तूप सोडलं. आणि ज्या आवाजात आई उशिरा घरी आलेल्या पोराला बोलते त्या आवाजात म्हणाली,

"एवढ्या दुरून लग्नाले आलता न, बाबू... जेवून तरी जाचं होतं."