कोऱ्या कागदावरचे अंगठे

शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतीचं, नाव काढलं की आमच्या भंडाऱ्याकडची माणसं खुलतात. धान घरात आलेलं असतं, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, बैल धावता धावता दोन-चार सोयरिकी तिथंच जुळतात. माझ्या तोंडात मात्र शिवी येते. लोक म्हणतात, म्हातारा खडूस झाला. झालो असेन. पटातल्या बैलांच्या ढुंगणावरच्या जखमा नोकरीभर तुम्ही धुतल्या असत्या, तर तुम्हीही झाला असता.

मोहाडीजवळच्या आमच्याच गावात गुरांचा सरकारी दवाखाना होता, तिथं मी पशुधन पर्यवेक्षक होतो. लोक मला ढोरांचा डाक्टर म्हणत. पटाच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून दारात बैलजोड्यांची रांग लागे. छकडा हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या हातात तुतारी असते. तुतारी म्हणजे काठी, आणि काठीच्या टोकाला खिळा. बैल सुटला की तो खिळा शेपटीच्या मुळाशी टोचत राहायचं, एवढीच काय ती धुरकऱ्याची विद्या. कधी टोक आतच मोडून राही. मी ते चिमट्यानं काढून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत टाकायचो. अर्धी बाटली भरली होती.

आणि हे सगळं माझ्याच घरात चालत होतं. माझा दादा पटाचा नादी. त्याच्या जोडीतला डावा बैल आमच्या गोठ्यातच जन्मलेला. त्याच्या मायला बांधावर साप डसला, तेव्हा तो आठ दिवसांचा होता. आमच्या मायनं त्याला बांबूच्या नळ्यानं पेज पाजून जगवलं. मोठा झाल्यावरही ती अंगणात आली की तो दावं ताणून तिच्याकडं मान करायचा. दादा त्याच बैलाला खिळा टोचायचा आणि जिंकून आला की मायनंच त्या बैलाला ओवाळायचं. ती ओवाळायची, मग गोठ्यात जाऊन जखमांना हळद-तेल लावत बसायची.

"दादा, खिळा काढ," मी म्हणायचो.

"सगळ्यायचा काढ, मंग माहा काढजो. मी एकटाच काहून हारू?"

त्याचं हे बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच माझं डोकं फिरायचं. जनावरांना छळू नये असा दिल्लीचा कायदा होता. मी तो छापील कागद गावच्या पोलीस जमादाराला नेऊन दाखवला. त्यानं चष्मा लावून पूर्ण वाचला आणि परत दिला. "याच्यात शंकरपट कुठी लिवला हाय, डाक्टर? तुतारी कुठी लिवली हाय?" म्हटलं ठीक आहे, तर मग तुतारी लिहिलेलाच कायदा आणू.

ते सत्तरचं दशक संपायच्या बेताचे दिवस. त्या वर्षीच्या पटात एक जोडी बिथरून माणसांत घुसली, एकाचा पाय मोडला आणि तहसिलीनं पुढच्या पटाची परवानगी अडवून धरली. लोक चिडलेले होते. त्यातच आमचे आमदार आपली दुभती म्हैस दाखवायला दवाखान्यात आले. मी त्यांच्यापुढं बाटली ठेवली. त्यांनी ती हलवून पाहिली, खिळे खुळखुळले. "अरेरे, मुक्या जिवाला केवढा त्रास हा! डॉक्टर, तुम्ही लोकांच्या सह्या आणा. हिवाळी अधिवेशनात मी स्वतः विधेयक मांडतो. शब्द आहे माझा." मी भारावून गेलो. म्हशीचं औषधही माझ्या हातानं त्यांच्या घरी पोचवलं, गाढव कुठला!

मी सरकारी नोकर, मला अर्जावर सही करता येत नव्हती. म्हणून मी शाईचा पॅड घेऊन घरोघर फिरलो. आमच्याकडं अर्जाची रीत ठरलेली होती. तलावाची पाळ फुटली, रेशनचं दुकान हवं, शाळेला मास्तर हवा, काहीही असो, आधी कोऱ्या कागदांवर अंगठे घ्यायचे. मजकूर मागून मोहाडीला टंकलेखकाकडून करवायचा आणि अंगठ्यांचे कागद त्याच्याखाली टाचणीनं लावायचे. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मलाही वाटलं नाही. मी चार बुकं शिकलेला माणूस, पण मलाही वाटलं नाही.

पहिला अंगठा मायचा. तिच्या उजव्या अंगठ्यावर धान कापताना विळा लागल्याची तिरपी खूण होती, ती कागदावर शाईतून पांढरी उमटली. "याच्यानं डाव्याचं टोचणं थांबन का रे?" तिनं विचारलं. "थांबेल," मी म्हणालो. मग शेजारणी आल्या. पुरुषांनी तोंडं फिरवली, दोघा-तिघांनी अंगावर धावून यायचंच काय ते बाकी ठेवलं. पण बायांनी पटापट अंगठे दिले. "रातभर त्यायचं हंबरणं आमीच आयकतो न बाप्पा," एक म्हातारी म्हणाली. दादानं अंगठा दिला नाही, पण मला अडवलंही नाही. "कायदा झाला त मी पयला तुतारी मोडतो," एवढं मात्र म्हणाला.

टाइप केलेला मजकूर, अंगठ्यांचे कागद आणि खिळ्यांची बाटली मी आमदारांच्या हातात दिली. अधिवेशन लागलं तेव्हा रजा टाकून नागपूरला गेलो. त्यांच्या माणसानं गॅलरीचा पास दिला. मी धुतलेला सदरा घालून ताठ बसलो होतो. त्या दिवशी आमदारांची स्वतःची विधेयकं घ्यायचा वार होता. निम्मी बाकं रिकामी होती. आमच्या विधेयकाचा क्रमांक पुकारला. आमच्या आमदारांची जागा रिकामी. "सन्माननीय सदस्य उपस्थित नाहीत," असं अध्यक्षांच्या आसनावरून म्हटलं गेलं आणि पुढचा क्रमांक आला. मी उभाच राहिलो, तर शिपायानं खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं.

आमदार मला त्यांच्या खोलीवर सापडले. संत्र सोलत बसले होते. "अहो, एक महत्त्वाची बैठक निघाली. पुढच्या अधिवेशनात घेऊ. एवढं काय तोंड पाडता?" मी माझे कागद परत मागितले. ते म्हणाले, "राहू द्या की, कामाचे आहेत." मला वाटलं, बरोबर आहे, पुढच्या अधिवेशनाला लागतीलच. मी त्यांना नमस्कार करून आलो, त्याची आज लाज वाटते.

महिन्याभरात गावात दवंडी फिरली. पट भरणार! परवानगी आली होती. मला तहसिलीतून हुकूम आला की जनावरांच्या देखरेखीसाठी हजर राहा. उद्घाटनाला आमचे आमदारच होते. फेटा बांधून ते बोलत होते, "ही परंपरा बंद पाडणारे कोण? लोकांची मागणी आम्ही तहसिलीत नेली. आयाबहिणींनीसुद्धा अंगठे दिले आहेत!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

मांडवात टेबलावर परवानगीची नक्कल आणि अर्जाची फाइल होती. तिथं आमचा जमादार बसला होता, त्यानं मला पाहू दिलं. वरच्या पानावर टाइप केलं होतं, आम्ही खालील शेतकरी विनंती करतो की शंकरपट पूर्वीप्रमाणे सुरू करावा. ते पान उलटलं. खाली माझे कागद. पहिलाच अंगठा, त्यात पांढरी तिरपी खूण.

मी आमदारांकडं धावलो. मंचाच्या पायरीवर त्यांच्या माणसांनी मला धरलं. "हे अंगठे बंदीसाठी दिलेत!" मी ओरडलो. ते खाली वाकून हळूच म्हणाले, "कुठं लिहिलंय तसं, डॉक्टर? आणि सरकारी नोकर अर्ज गोळा करत फिरतो, हे वर कळवू का?" माझी बोबडी वळली. खरंच वळली, उगाच शूरपणा सांगत नाही. मी खाली उतरलो आणि औषधाच्या पेटीशी जाऊन बसलो.

मग दादाची जोडी सुटली. मी दादाला थांबवू शकलो असतो, त्याच्यापुढं आडवा पडू शकलो असतो. मी बसून राहिलो. डावा जीव घेऊन पळत होता, दादा टोचत होता. दाणीच्या, म्हणजे धावपट्टीच्या, शेवटाला छकडा उडाला, डावा पुढच्या पायावर कोसळला आणि हाड कातडीबाहेर आलं. मी पोचलो तेव्हा दादा त्याची मान मांडीवर घेऊन लहान पोरासारखा रडत होता. "काईतरी कर न रे, तू डाक्टर हायेस न!" करण्यासारखं एकच होतं. जमादारानं बाटली धरली, मी शेवटची सुई भरली.

दादानं त्याच संध्याकाळी तुतारी मोडून चुलीत घातली. पुन्हा पटाला गेला नाही, आणि माझ्याशीही कित्येक दिवस बोलला नाही. आमदार पुढं आणखी एकदा निवडून आले.

मायला मी खरं सांगितलं नाही. तिच्याच अंगठ्यानं तो पट भरला, हे कुठल्या तोंडानं सांगणार होतो? कोरे कागद तिच्यापुढं मीच धरले होते. ती पुढं पाच-सहा वर्षं जगली. थंडी पडली, अधिवेशनाच्या बातम्या रेडिओवर सुरू झाल्या की दरवर्षी विचारायची, "तो कायदा झाला का रे?"

"होऊन राहिला, माय."

शेवटच्या वर्षी खाटेवरून उठवत नव्हतं तिला. तरी तिनं विचारलं. मी तेच उत्तर दिलं. तिनं गोधडीतून उजवा हात बाहेर काढला आणि माझ्यापुढं धरला. "अजून अंगठा लागला त आताच घेऊन घे बाबू," ती म्हणाली. "मंग मी नाई राहीन."