घरून आणलेली बाटली

त्या काळी लघवी तपासायची तर बाटली घरूनच भरून आणायची. तेलाच्या, सरबताच्या, धड न धुतलेल्या बाटल्या माझ्या टेबलावर यायच्या. कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी. सोलापुरातल्या त्या लॅबमध्ये मी एकटीच टेक्निशियन होते, म्हणून चिडायलाही मीच.

एकदा एका ट्रकमालकानं आपल्या ड्रायव्हरला पाठवलं. ट्रक रस्त्याखाली गेला होता आणि हा अफू खातो असा मालकाचा संशय होता. लघवीत अफू निघाली की नोकरी गेली. ही तपासणी आमचे डॉक्टर नुकतेच मुंबईहून शिकून आले होते. काचेच्या पट्टीवर लघवीच्या अर्काचा ठिपका द्यायचा, शेजारी अफूचा, पट्टी द्रावणात उभी करायची आणि दोन्ही ठिपके सारखेच वर चढतात का बघायचं. चढले.

"न्हाय बाई, कायतरी चुकलंय," ड्रायव्हर म्हणाला.

"काही चुकलेलं नाही. अफू आहे."

तो घुटमळला. "ती लगवी माजी न्हायच की. पोरीची हाय. तान्ही हाय, दुधाबिगार काय न्हाय तिला."

मी कपाळावर हात मारला. "म्हणजे तुम्ही अफू खाता!"

"शपत, न्हाय! पर तंबाकू खातो, कवा शिंदी घेतो. काय बी निगायचं. पोरीची कशी, निर्मळ."

"पोर रडते का फार?"

"छ्या! लई गुणाची. बायको सकाळी बाळगोळी देती, मग विड्या वळून होईस्तोवर उटत न्हाय."

बाळगोळी! तिच्यात अफू असते, हे याला मी ओरडून सांगितलं तेव्हा डॉक्टर बाहेर आले. पोरीला आजच मुलांच्या डॉक्टरकडे न्या, असं त्यांनी बजावलं आणि त्याची स्वतःची लघवी आमच्या बाटलीत, तिथंच घेतली. साफ निघाली. पहिल्यांदाच दिली असती तर काही झालंच नसतं, या विचारानं माझं डोकं आणखी तडकलं.

मालकानं त्याला परत कामावर घेतलं. तो पेढे घेऊन आला.

"पोरीला दाखवलं?"

"दावतो की. आदी एक खेप मारून येतो."

पेढ्याचा पुडा मी त्याच्या अंगावर फेकायचा तेवढा बाकी ठेवला. त्याचा रिपोर्ट आला का म्हणून मालकाच्या माणसानं आमच्याकडे खेटे घातले होते. पोरीचं विचारायला कोण येणार? ती कुठं कुणाचा ट्रक चालवत होती!