मुनिया मोजणारे अण्णा

रामोजी अण्णा पक्षी बघायचे नाहीत, मोजायचे. जानेवारीत दर रविवारी पहाटे साडेपाचला ते आमच्या व्हाइटफील्डच्या सोसायटीच्या गेटपाशी स्वेटर, कानटोपी आणि वही अशा सरंजामात उभे असत, आणि गाडी काढायला मी हमखास दहा मिनिटं उशीर करी. देवनहळ्ळीजवळच्या एका नाचणीच्या शेतात, एकाच करंजाखाली ते तासभर बसत. पीक निघालं की सांडलेल्या दाण्यांवर मुनियांचे थवे उतरतात. चिमणीहून लहान, ठिपकेदार पोटाचे हे पक्षी अण्णा वीस हिवाळे मोजत आले होते.

अण्णांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी बेंगळुरात आलेलं. त्यांची मराठी कन्नडचा हात धरून चालायची. सरकारी छापखान्यात त्यांनी जन्मभर मुद्रितं तपासली होती. मी पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, गळ्यात महागडी दुर्बीण. पहिल्याच दिवशी मी दीडशे मुनिया मोजल्या. अण्णांच्या वहीत बेचाळीस होत्या.

"तुला एवढ्या कुठे सापडल्या रे?"

"इकडून गेल्या, मग तिकडून आल्या, मग परत..."

"त्याच त्या आल्या की. स्वल्प दम धर. बसल्यावर मोज. उडताना मोजलास तर अख्खी देवनहळ्ळी मुनियांनी भरून जाते बघ."

सोमवारी ऑफिसात मात्र मी दीडशेच सांगितल्या.

"दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही," हे अण्णांचं पालुपद. वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असे: 'नाचणी उशिरा काढली', 'शेजारी द्राक्षांवर जाळी', 'निम्मं शेत पडीक'. आकडा दर हिवाळ्यात उतरत होता. बेचाळीसचे सत्तावीस झाले, मग अकरा. मी येताजाता गाडीत तावातावाने बोलत असे, शेतं गिळणाऱ्या लेआउटवाल्यांना झोडपत असे. अण्णा सगळं ऐकून घेत आणि कन्नडमधून "सरी", म्हणजे 'बरं', म्हणत.

मग ते शेतही विकलं गेलं, तिथे लेआउट पडला आणि त्यातला एक प्लॉट मी घेतला. विमानतळ जवळ, भाव वाढणार, बायकोला पटलं. मला तर बायकोच्याही आधी पटलं होतं. अण्णांना सांगायचं तेवढं राहिलं. दिवाळीपासून ते लिफ्टपाशी दिसले की मी जिन्याने जाऊ लागलो. आठ मजले. दोन किलो वजन उतरलं, तेवढीच काय ती माझी पुण्याई.

जानेवारीत जावंच लागलं. नाचणीच्या जागी नंबर रंगवलेले दगड होते, करंज मात्र उभा होता. अण्णा झाडाकडे निघाले तसं वॉचमनने हटकलं: जागा खासगी आहे, मालकाची परवानगी पाहिजे. अण्णा कन्नडमधून शांतपणे सांगत राहिले की वीस वर्षं येतोय, तासभर बसतो आणि जातो. तो ऐकेना. शेवटी अण्णा वही मिटून परत फिरले. गप्प बसलो असतो तर त्यांना काहीच कळलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मी अर्धं मिनिट गप्प बसलोही.

"अण्णा, करंजाचा प्लॉट माझा आहे."

आजवर मला 'तू'च म्हणत आलेले अण्णा अदबीने म्हणाले, "मग तुम्हालाच विचारतो. बसू का तासभर?"

त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

आम्ही तासभर बसलो. दोन धोबी पक्षी आले, शेपट्या हलवून गेले. मुनिया एकही नाही. मी हळूच म्हणालो, "मघाशी पलीकडून आवाज आला होता. चार-पाच तरी लिहू या."

"दिसल्या?"

"नाही."

त्यांनी शून्य काढलं, नीट गोल. मग वही माझ्या मांडीवर ठेवली. "शेरा तू लिही."

मी बराच वेळ पेन्सिल चावत बसलो. शेवटी लिहिलं, 'शेतात प्लॉट पडले. एक मी घेतला.' अण्णांनी चष्मा सारखा करून ते दोनदा वाचलं, एक अनुस्वारही न बदलता वही पिशवीत टाकली आणि वाटेत इडली खाऊ म्हणाले.

त्या पावसाळ्यात अण्णा गेले. त्यांच्या मुलीने वही मला आणून दिली. प्लॉटवर घर अजून बांधलेलं नाही. भेटेल त्याला मी सांगतो, पक्ष्यांसाठी जागा मोकळी ठेवलीय. लोक भारावतात. खरं म्हणजे बांधकामाची मंजुरी अडकलीय. यंदाही मुनिया शून्य, आणि त्या शून्यापुढे मंजुरीचं हे एवढंसं वाक्य लिहायला मला जानेवारीचे चारही रविवार लागले.