बांगडीवरचा ओरखडा

पुतळाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू होई. पाणी, भाकरी, दोन डबे. सहाला टोकरखाड्याहून टेम्पो. गलोंड्याच्या दगड दळण्याच्या कारखान्यात ती दगड निवडायची, तिचा नवरा नथू चक्कीवर होता. दोघं साक्रीकडचे. मी १९८८ साली शेजारच्या चक्कीवर लागलो.

ढिगात दोन पांढरे दगड मिसळून येत. एक गारगोटी, दुसरा कॅल्साइट. त्याला आम्ही नरम म्हणायचो. नवख्याला दोन्ही सारखेच. मला तिनेच शिकवलं. नरम फोडला की सपाट, तिरके पैलू पडतात, खिळ्याने ओरखडा उठतो. गारगोटी काचेसारखी फुटते, खिळा तिच्यावरून घसरतो. तरी शंका उरली तर ती दगड हातातल्या बांगडीवर घासायची. काच कापली तर गारगोटी. दिवसाला चाळीस टोपल्या निवडायची. तिची चूक मी कधी पाहिली नाही.

नथूची चक्की गारगोटीची, माझी नरमची. दोन वर्षांत नथूला टेम्पोत चढताना दम लागू लागला. डॉक्टर म्हणाले, गारगोटीची धूळ छातीत बसली आहे, काम सोड. निवडणाऱ्या बायकांनी वेगळंच कारण काढलं. तिच्या शेजारी बसणारी रजनी म्हणाली, "सौभाग्याच्या काचेवर दगड घासतेस, मग काय होणार?"

पुतळाबाईला ते लागलं. त्या दिवसापासून ती फुटक्या बाटलीच्या काचेवर दगड घासू लागली.

मी तिला समजावलं, वहिनी, डॉक्टरांचं ऐका.

ती म्हणाली, "भाऊ, धूळ तर तुमच्या चक्कीलाही आहे. तुम्हाला कुठं काय झालं?"

दोन्ही धुळी पांढऱ्याच होत्या. नरमची धूळ तेवढी वाईट नसते, हे मी सांगितलं. माझी चक्की त्याला देतो, असं मात्र म्हणालो नाही.

नथू तिथेच राबत राहिला. पुतळाबाईने तीन महिने रोज चार तास जादा काम केलं. तेवढ्या पैशांत त्याला घरी बसवता आलं असतं. १९९१ च्या होळीआधी तो गेला. सरणाला आम्ही वर्गणी काढली, कारण तिच्याजवळ काही उरलं नव्हतं.

त्या जादा पैशांतून तिने तो जाण्याच्या पंधरा दिवस आधीच सप्तशृंगीला साडी नेसवली होती आणि एकवीस सुवासिनींना हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. कासाराकडे प्रत्येक बांगडी तिने उजेडात धरून तपासली. एकीवरही ओरखडा नव्हता.